घरात बाळ येतंय, मोत्याला सांगितलं का?

बालमित्रांनो, पंचतंत्रातली मुंगसाची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहेच. एका ब्राह्मणाच्या घरी तान्हं बाळ होतं आणि बाळाबरोबरच वाढवलेलं एक मुंगूसही होतं. एके दिवशी आई घडा घेऊन पाण्याला गेली. बाळाकडे लक्ष ठेवा, असं नवऱ्याला बजावून गेली. पण तोही भिक्षा मागायला निघून गेला. तेवढ्यात बिळातून साप आला. मुंगसानं सापाचे तुकडे केले आणि रक्तानं माखलेल्या तोंडानं ते आईला सामोरं गेलं. आईला वाटलं, यानं बाळालाच खाल्लं! तिनं भरलेला घडा त्याच्या अंगावर घातला. पुढचं तुम्हांला माहीत आहे.

गंमत म्हणजे तिकडे वेल्स नावाच्या मुलखात जवळजवळ हीच गोष्ट सांगतात. तिथं मुंगसाऐवजी गेलर्ट नावाचा शिकारी कुत्रा आहे, सापाऐवजी लांडगा आहे आणि आईऐवजी लवेलिन नावाचा राजा. बेडगेलर्ट या गावात त्या कुत्र्याची म्हणून एक समाधीसुद्धा दाखवतात.

‘अविचारानं काही करू नये’ हे तात्पर्य आपण लिहितो आणि मार्क मिळवतो. पण वर्गात ही गोष्ट सांगताना मला दर वेळी दुसरंच काही खटकतं. अहो, तान्ह्या बाळाला प्राण्यापाशी ठेवून घरातली मोठी माणसं गेली कुठं? मुंगूस कितीही गुणी असलं तरी बाळ राखणं हे काही त्याचं काम नव्हे!

हे सगळं आज आठवायला कारण आहे. गेल्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा मधल्या सुट्टीत डबा न उघडता बसला होता. जवळ जाऊन विचारलं, तर म्हणाला, “बाई, आमच्याकडं बाळ येणारे. आजी म्हणती, आता मोत्याला लांब सोडून या.” मोत्या म्हणजे त्यांचा कुत्रा. साधा गावठी, तांबूस रंगाचा, चार वर्षांचा.

आता तुम्ही लगेच आजीवर रागावू नका हं. आजीची भीती काही खोटी नाही. बाळाला मान धरता येत नाही, कूस वळता येत नाही. कुत्र्यानं नुसती लाडानं उडी मारली, तरी बाळाला इजा होऊ शकते. तेव्हा आजी बाळाची काळजी करते ते बरोबर आणि तो मुलगा मोत्याची काळजी करत होता तेही बरोबर. दोघांचंही समाधान होईल असं काही करता येतं का? येतं. मात्र त्याला वेळ लागतो आणि सुरुवात बाळ घरी येण्याआधी दोन-तीन महिने करावी लागते. यातली बरीचशी कामं तुमच्यासारख्या मुलांनीच करायची आहेत, कारण मोठ्यांना त्या दिवसांत खरंच सवड नसते.

मोत्याच्या जागी बसून बघा

घरात कुणीतरी बाळ येणार ही बातमी आजीला सांगतं, शेजारच्या काकूंना सांगतं, मामाला फोन करतं. मोत्याला कोण सांगणार? त्याला काय दिसतं ते बघा.

रोज सकाळी त्याला भाकरी घालणारी आई सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की माहेरी जाते. मोत्या आठ-दहा दिवस फाटकाकडे तोंड करून बसतो. मग त्याचीही सवय होते. नंतर तीन-चार महिन्यांनी, बाळ सव्वा महिन्याचं झाल्यावर, एके दिवशी आई परत येते. मोत्या शेपटी हलवत धावतो, तर सगळे एकदम ओरडतात, “ए, हाड! बांधा रे त्याला!” आईच्या हातात काहीतरी गुंडाळलेलं असतं, ते किंचाळतं. घरभर तेलाचा, वेखंडाचा, बाळंतशेपांचा, लंगोटांचा वास. आत्या, मावश्या, शेजारणी यांची रीघ लागते. मोत्या रात्री ज्या खोलीत झोपायचा तिचं दार बंद. संध्याकाळचं फिरणं बंद. जेवण कधी चारला, कधी सातला.

कुत्र्याचं नाक आपल्यापेक्षा किती तिखट असतं ते तुम्हांला माहीत आहे. पोलीस उगाच नाही त्याला बरोबर नेत! कानही तसेच. माणसाला सेकंदाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तर कुत्र्याला ४५,००० च्या आसपास. म्हणजे जे बाळ आपल्याला नुसतं दिसतं, ते मोत्यासाठी वासाचं आणि आवाजाचं एक मोठं वादळच असतं. त्यात आणखी एक योग बघा. बाळाचं रडणं जन्मानंतर वाढत जातं, साधारण सहाव्या आठवड्यात ते सगळ्यांत जास्त असतं आणि मग हळूहळू कमी होतं. आपल्याकडे सव्वा महिन्यानं बाळ घरी येतं. म्हणजे ऐन रड्याच्या दिवसांतच की!

लोक म्हणतात, कुत्रा बाळावर जळतो. असेलही. पण मला विचाराल तर त्याचं खरं दुःख वेगळं असतं. त्याचं सगळं जग एका दिवसात बदलतं आणि त्या दिवशी घरात नवीन आलेलं असतं ते फक्त बाळ. मग त्यानं काय समजावं?

पावलॉव्हची घंटा

रशियात इव्हान पावलॉव्ह नावाचे शास्त्रज्ञ होते. अन्न पचतं कसं यावरच्या संशोधनासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळालं. हा अभ्यास ते कुत्र्यांवर करत. त्यांच्या लक्षात आलं, की कुत्र्याच्या तोंडाला खाणं समोर येण्याआधीच, नुसती चाहूल लागली तरी पाणी सुटतं. मग त्यांनी आधी एक ठरावीक आवाज करायचा आणि पाठोपाठ खाणं द्यायचं, असं पुनःपुन्हा केलं. काही दिवसांनी नुसता आवाज ऐकूनच कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटू लागलं.

आपल्या घरातला तो आवाज म्हणजे बाळाचं रडणं. बाळ रडलं की पाठोपाठ साखळी आणि दटावणी आली, तर मोत्या काय शिकेल? आणि बाळ रडलं की पाठोपाठ भाकरीचा तुकडा आला तर?

इथं एक चूक बहुतेक घरांत होते. बाळ जागं असेपर्यंत कुत्रा बांधलेला. बाळ झोपलं की सगळ्यांना त्याची दया येते, मग त्याला मोकळं सोडतात, गोंजारतात, खाऊ देतात. सगळं चांगल्या मनानं करतात, पण कुत्रा शिकतो ते उलटंच! बाळ नसलं की मजा आणि बाळ असलं की शिक्षा. तुम्ही याच्या बरोबर उलट करायचं. बाळ जागं असतानाच, मोठं माणूस जवळ असताना, मोत्याच्या नावानं हाक मारायची, कौतुक करायचं, तुकडा द्यायचा. बाळ आत नेलं की खाऊ बंद. बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

बाळ माहेरी असतानाची तयारी

आमच्या त्या विद्यार्थ्याच्या घरी काय काय केलं ते सांगते. तुमच्या घरी जमेल तसं करा.

आई असतानाच मोत्याचं जेवण आणि फिरणं यांचा ताबा मुलानं आणि बाबांनी घेतला. म्हणजे पुढे आई बाळात गुंतली तरी मोत्याच्या वेळा चुकायच्या नाहीत. बाळाची खोली मोत्याला बंद करायची असेल तर तीही तेव्हापासूनच बंद केली आणि पडवीत त्याचं जुनं पोतं अंथरून दिलं. पहिले चार दिवस तो दाराशी कुंई-कुंई करत होता, मग गप्प झाला. बाळ यायच्या कितीतरी आधी हे झालं, त्यामुळे त्याचं खापर बाळावर फुटलं नाही.

रिकामा पाळणा हलवू नये असं बऱ्याच घरांत मानतात, म्हणून पाळणा आधी टांगायला आजी तयार होईनात. हरकत नाही. शेजारच्या मुलीची बाहुली आणली, ती दुपट्यात गुंडाळली आणि तिला खांद्यावर घेऊन घरातून फिरायचं, असा खेळ सुरू झाला. मोत्यानं उडी मारली की फिरणं थांबवायचं, पाठ वळवायची. खाली बसला की तुकडा. ‘बस’, ‘थांब’ आणि ‘जागेवर जा’ एवढे तीन शब्द त्याला नीट आले तरी पुष्कळ झालं. शब्द मात्र घरातल्या सगळ्यांनी तेच वापरायचे. बाबा ‘बस’ म्हणणार, काका ‘सिट’ म्हणणार आणि आजी ‘हाड’ म्हणणार, तर बिचाऱ्यानं कुणाचं ऐकायचं?

बाळ झाल्यावर बाबा बघायला गेले, तेव्हा दोन वस्तू घेऊन आले. एक, बाळाला गुंडाळलेलं न धुतलेलं दुपटं. दुसरी, मोबाईलवर टिपलेला बाळाच्या रडण्याचा आवाज. दुपटं हातात धरून मोत्याला लांबून हुंगू द्यायचं, चावायला किंवा ओढायला द्यायचं नाही. शांतपणे हुंगलं की शाबासकी. रडण्याचा आवाज आधी अगदी बारीक लावायचा, त्याच वेळी भाकरीचा नाहीतर उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा आणि दोन-तीन दिवसांनी आवाज थोडा वाढवायचा. तो कान पाडून कोपऱ्यात जायला लागला, तर आपण घाई केली असं समजून आवाज पुन्हा कमी करायचा.

याच काळात मोत्याला गुरांच्या दवाखान्यात नेऊन आणायचं. रेबीजची लस वेळेवर दिली आहे ना? पिल्लू तीन महिन्यांचं झालं की ही लस देतात आणि मग पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे पुढचे डोस. जंताचं औषध, गोचिडांचा बंदोबस्त, वाढलेली नखं हेही तेव्हाच उरकायचं. कुत्र्याच्या पोटातल्या जंतांची अंडी विष्ठेतून मातीत आणि हातावाटे माणसाच्या पोटात जाऊ शकतात. म्हणून मोत्याला हात लावून आलात, की साबणानं हात धुतल्याशिवाय बाळाला घ्यायचं नाही.

मांजर असलेल्या घरांसाठी दोन शब्द. मांजर बाळाचा श्वास ओढून घेतं, ही समजूत खोटी आहे. पण मांजराला ऊब आवडते आणि ते झोपलेल्या बाळाच्या तोंडाशी येऊन पसरू शकतं, ते धोक्याचं. तेव्हा बाळ झोपलेल्या खोलीत मांजराला प्रवेश नाही, दार लावून घ्यायचं. आणि बाळ होण्याच्या आधी आईनं मांजराची घाण काढायची नसते, कारण तिच्यातून पोटातल्या बाळाला बाधणारा एक रोग होऊ शकतो. ते काम बाबांनी करावं.

भाकरतुकडा आणि पहिली भेट

बाळ घरी येतं त्या दिवशी उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकतात. (मोत्याचं सगळं लक्ष त्या तुकड्यावर असणार, हे सांगायला नको!) आई आत येते, चहा होतो, माणसं जमतात. या गडबडीत मोत्याची भेट अजिबात घालायची नाही. त्याला आधीच लांब फिरवून, दमवून आणायचं आणि मागच्या अंगणात ठेवायचं. गर्दी ओसरली की आईनं एकटीनं, बाळ आजीजवळ देऊन, त्याला भेटायचं. चार महिन्यांनी भेटतोय, नाचेल, ओरडेल, लोळेल. ते होऊन जाऊ दे.

बाळाची भेट त्यानंतर, तो शांत झाल्यावर. वाटलं तर दुसऱ्या दिवशी. आईनं बाळाला घेऊन खुर्चीवर बसायचं. बाबांनी मोत्याला पट्ट्याला धरून चार-पाच हात अंतरावर उभं राहायचं. त्याला वाटलं तर त्यानं हुंगावं, नाही वाटलं तर तोंड फिरवावं. बाळाला उचलून त्याच्या नाकाशी न्यायचं नाही आणि फोटोसाठी तर नाहीच नाही! दोन-तीन मिनिटं झाली की तुकडा देऊन बाहेर. असं रोज थोडं थोडं करायचं.

तो काय म्हणतोय ते वाचायला शिका

कुत्र्याला बोलता येत नाही, पण तो सांगत असतो. झोप आली नसताना जांभया देतो. खाणं समोर नसताना जीभ ओठांवरून फिरवतो. मान दुसरीकडे वळवतो, पण डोळ्यांच्या कडेनं बघतो, तेव्हा डोळ्यांतला पांढरा भाग दिसतो. शेपटी पायांत घालतो. याचा अर्थ, ‘मला हे सोसत नाहीये, जरा लांब व्हा.’ आपण लांब झालो नाही तर तो एकदम ताठ होतो, मग गुरगुरतो.

गुरगुरला म्हणून त्याला मारू नका. हे वाचून पालकांना नवल वाटेल, पण गुरगुरणं ही त्यानं दिलेली सूचना असते. मार खाऊन खाऊन सूचना द्यायचं बंद केलेला कुत्रा जास्त धोक्याचा, कारण तो न सांगता चावतो. गुरगुरला की बाळाला लांब न्यायचं, मोत्याला बाहेर न्यायचं आणि आपण कुठं घाई केली ते आठवायचं. पुनःपुन्हा गुरगुरत असेल किंवा बाळाकडे बघून झेपावत असेल, तर घरगुती उपाय करत न बसता पशुवैद्यांना दाखवा. काही कुत्र्यांना तान्हं मूल खरंच सोसत नाही. अशा वेळी त्याच्यासाठी मूल नसलेलं, ओळखीचं घर शोधणं हे दोघांच्याही भल्याचं.

पण पोत्यात घालून बाजारच्या गावाला सोडून येणं, हे मात्र नाही. घरात वाढलेल्या कुत्र्याला उकिरड्यावर पोट भरता येत नाही आणि तिथली कुत्री त्याला आपल्या गल्लीत शिरू देत नाहीत. उपाशीतापाशी हाल होतील अशा ठिकाणी जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्यानं गुन्हासुद्धा आहे.

कधी चुकून चावला किंवा दात, नखं लागून ओरखडा उठला, तर ते लपवू नका. आई रागावेल, मोत्याला हाकलतील, या भीतीनं मुलं गप्प बसतात आणि तेच जिवावर बेतू शकतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस बहुधा वाचत नाही. पण त्याआधी लस घेतली तर नक्की वाचवता येतं. लुई पाश्चर यांनी १८८५ साली जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस टोचली, तेव्हापासून हे जगाला ठाऊक आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा! चुना, हळद, तिखट असलं काही भरायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. पोटातल्या चौदा इंजेक्शनांचा काळ गेला. आता ती दंडात देतात आणि कमी देतात.

बाळ रांगू लागलं की

पालकांना वाटतं, पहिला महिना निभावला की झालं. माझं मत विचाराल तर खरी परीक्षा सातव्या-आठव्या महिन्यात असते. आतापर्यंत बाळ एका जागी होतं, आता ते रांगत मोत्याकडे जातं. शेपटी ओढतं, डोळ्यात बोट घालतं, त्याच्या ताटलीत हात घालतं. म्हणून मोत्याला पळून जायला एक जागा हवी, जिथं बाळ पोचणार नाही. पडवीला आडवी फळी लावली तरी चालते. तो तिथं गेला, झोपला किंवा जेवत असला की बाळानं नाही, तुम्हीही नाही, कुणीच त्याच्या वाटेला जायचं नाही. मिठी मारणं, पाठीवर बसणं हे लाड कुत्र्यांना सहसा आवडत नाहीत. तो मुकाट सोसतो म्हणून आपल्याला ते आवडल्यासारखे वाटतात. आणि दोघांना एकटं सोडायचं नाही म्हणजे नाही, अगदी दूध उतू जात असलं तरी. एक तर बाळाला कडेवर घ्या, नाहीतर मोत्याला बाहेर काढा.

याच सुमारास उष्टावण होऊन बाळ मऊ भात, वरण, भाकरीचा काला खाऊ लागलेलं असतं. खातं थोडं, सांडतं जास्त! आमच्या त्या विद्यार्थ्याचा मोत्या, जो पहिले दोन महिने बाळाच्या रडण्याला वैतागून पडवी सोडत नव्हता, तो आता बाळाच्या जेवणाची वेळ बरोबर ओळखतो. आजी वाटी घेऊन बसल्या की चार हातांवर पुढचे पाय पसरून बसतो, ‘थांब’ म्हटल्यावर थांबतो आणि बाळाला उचललं की सांडलेली शितं टिपून जमीन लख्ख करतो. आजींची एकच तक्रार असते, की बाळ आता मुद्दाम सांडतं. फक्त मनुका, द्राक्षं, चॉकलेट आणि कांदा त्याच्या तोंडी जाऊ देऊ नका, हे पदार्थ कुत्र्याला बाधतात.